कोशिंबिरीचे पाणी

नमस्कार, श्रोतेहो.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यातील नांदेड, किरकटवाडी, खडकवासला आणि धायरी या भागांत गुइलेन बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे, म्हणजे जीबीएसचे रुग्ण वाढू लागले, तेव्हापासून आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक दूरध्वनींत एकच प्रश्न असतो: रुग्णाच्या सहवासाने हा आजार होतो का? होत नाही. पुन्हा सांगतो, जीबीएस एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. दूषित पाण्यातून किंवा अर्धवट शिजलेल्या चिकनमधून कॅम्पायलोबॅक्टर जेजुनाय हा जंतू पोटात जातो, जुलाब होतात आणि पुढे क्वचित एखाद्याची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करते. या साथीतील काही रुग्णांच्या नमुन्यांत हा जंतू सापडलेला आहे.

गेल्या आठवड्यात पोळीभाजीचे डबे देणाऱ्या एका आजींचा दूरध्वनी आला. त्यांचा नातू जीबीएसमुळे रुग्णालयात होता आणि हे समजताच निम्म्याहून अधिक गिऱ्हाइकांनी डबे बंद केले होते. "माझ्या हातची पोळी खाऊन कुणाचे पाय लुळे पडतील का हो?" असे त्यांनी विचारले, तेव्हा त्यांचा आवाज कापत होता. कार्यक्रमात आलेल्या मज्जातंतूतज्ज्ञ डॉक्टरांनी त्यांना धीर दिला, तव्यावर भाजलेल्या पोळीत हा जंतू टिकत नाही हे समजावले आणि पाण्याची चौकशी केली. पिण्याचे पाणी पहाटेच उकळून झाकून ठेवते, असे आजींनी सांगितले. तेवढ्यात त्यांच्याकडे डबा लावलेल्या एका विद्यार्थ्याचा दूरध्वनी लागला आणि त्याने अतिशय आदराने विचारले, "आजी, कोशिंबिरीची काकडी कोणत्या पाण्याने धुता?" आजी क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "नळाच्याच, बाळा." काकडी, कोथिंबीर, चटणीत घालायचे पाणी, ताकात घालायचे पाणी, यांपैकी काहीच उकळलेले नव्हते. डॉक्टर म्हणाले, "या मुलाने माझे काम केले." आजींनी कोशिंबीर बंद करून डब्यात शिजवलेली उसळ देण्याचे ठरवले, आणि त्या मुलाने डबा चालू ठेवला.

म्हणून पुन्हा सांगतो: पाणी खळखळ उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट उकळावे, आणि तेच पाणी कच्च्या भाज्यांना, चटणीला, ताकाला आणि लहान मुलांच्या दुधाच्या बाटलीलाही वापरावे.

जाता जाता माझे एक आग्रहाचे मत नोंदवतो. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही गावे २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली आहेत, त्यामुळे आपल्या विहिरीच्या आणि टाकीच्या पाण्यातील क्लोरिनचे प्रमाण रोज चौकातील फळ्यावर मराठीत लिहिलेले दिसणे हा येथील रहिवाशांचा हक्क आहे. सोसायटीच्या टँकरच्या पाण्यालाही हाच नियम लागू व्हावा.

जुलाब थांबल्यानंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी पायांना मुंग्या आल्या, जिना चढताना पाय साथ देईनासे झाले किंवा गिळताना त्रास होऊ लागला, तर वाट न पाहता मोठ्या रुग्णालयात जावे. श्वसनाच्या स्नायूंपर्यंत अशक्तपणा पोहोचला तर कृत्रिम श्वासोच्छ्वासाची गरज पडते. इम्युनोग्लोब्युलिन (शिरेतून दिली जाणारी प्रतिपिंडे) किंवा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातील द्रवभाग, बदलण्याचे उपचार वेळेवर मिळाले, तर बहुतेक रुग्ण बरे होतात, मात्र त्याला कित्येक आठवडे किंवा महिने लागतात. उद्या याच वेळी इमारतीवरील पाण्याच्या टाक्या कशा धुवाव्यात, याविषयी आपण बोलणार आहोत. आपले प्रश्न आजच कळवावेत.