हरळीवरचे पाहुणे

श्रोतेहो, नमस्कार.

गोल्फच्या रीतीभातींवर बोलायला मी आकाशवाणीवर निघालोय म्हटल्यावर आमच्या गल्लीतले एकजण हसले. म्हणाले, "सोलापुरात गोल्फ? नळाला पाणी यायला इथं चार-चार दिवस लागतात!" त्यांचं खोटं नाही. मीही काही खेळणारा माणूस नव्हे. कृषी खात्यात 32 वर्षं काढली, गवताशी माझा संबंध तेवढाच.

पण 2021 च्या ऑगस्टमधली ती शनिवारची सकाळ आठवते का? टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक पदकाच्या उंबरठ्यावर होती आणि खेळाचं ओ की ठो कळत नसताना आपण टीव्हीपुढं बसलो होतो. ती चौथी आली. संध्याकाळी नीरज चोप्रानं सोनं आणलं आणि सकाळची हळहळ विरून गेली. माझ्या डोक्यात मात्र एक गोष्ट राहिली. एकजण चेंडू मारायला उभा राहिला की बाकीचे सगळे असे गप्प, की श्वाससुद्धा जपून घेतायत.

ते का, हे मला पुण्यात कळलं, आणि फजिती होऊन कळलं. जावई तिथं हौसेनं खेळतात. "मामा, चला एकदा," म्हणाले. कॉलरचा शर्ट घालायला लावला आणि नेलं. तिसऱ्या होलपाशी, म्हणजे चेंडू ज्यात घालायचा त्या तिसऱ्या भोकापाशी, बाकावर टेकलो. भूक लागली होती. पिशवीत आपली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. समोर एक वयस्कर गृहस्थ काठी उगारून उभे. मी भाकरी मोडली. कडाड्! त्या शांततेत फटाका वाजल्यासारखा आवाज झाला. गृहस्थांनी उगारलेली काठी तशीच खाली घेतली, दोन पावलं मागं गेले, माझ्याकडं बघून हसले आणि थांबले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

आता आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत बघा. नंदीध्वजाची उंच काठी कमरेच्या पट्ट्यावर तोलून भक्त चालत असतो, तेव्हा त्याला कुणी धक्का देतं का? वाट आपोआप मोकळी होते. तिथं हलगी वाजते, इथं टाचणी पडली तरी ऐकू येते. फरक तेवढाच. मारणाऱ्याच्या पाठीमागं उभं राहायचं नाही, त्याच्या डोळ्यांच्या कोपऱ्यात हलायचं नाही. संध्याकाळी लांब पडलेली आपली सावलीसुद्धा त्याच्या चेंडूच्या वाटेवर येऊ द्यायची नाही.

आता माझ्या विषयाकडं येतो, म्हणजे गवताकडं. होलभोवतीच्या हिरव्या गालिच्याला ग्रीन म्हणतात. मी वाकून हात लावला तर काय, हरळी! आपल्या काळ्या रानात ज्वारीच्या मुळावर येते, खणून खणून जीव जातो, तीच ही जात. तिथं तिला रोज कातरतात, पाणी पाजतात. तुषार उडताना बघून, खरं सांगतो, पोटात कालवलं. पण पाहुण्यानं यजमानाच्या खर्चावर बोलू नये.

उंचावरून आलेला चेंडू या ग्रीनवर आदळला की छोटासा खळगा पडतो. तो ज्यानं पाडला त्यानंच बुजवायचा. जावयांनी खिशातून दोन दातांचा छोटा काटा काढला आणि खळग्याखाली घालून माती वर उचकटायला लागले. बरोबरचा कॅडी, म्हणजे काठ्यांची पिशवी वाहणारा पोरगा, म्हणाला, "साहेब, उचकटू नका, मुळं तुटतात. कडेनं टोचा आणि मधे ढकला." मग पायानं हलकेच दाबून सपाट केलं. रोप लावताना आपण मुळाशी माती लोटतो ना, अगदी तसंच. खात्यात इतकी वर्षं जे सांगत आलो ते मला त्या पोरानं दोन वाक्यांत सांगितलं. वाळूच्या खड्ड्यातही तीच रीत. चेंडू बाहेर काढला की आपल्या पावलांवरून दाताळं फिरवायचं, मगच पुढं जायचं.

चेंडू हरवला तर शोधायला तीन मिनिटं. 2019 पूर्वी पाच मिळायची. मागचे लोक खोळंबले असतील तर त्यांना हात करून पुढं जाऊ द्यायचं. आणि चेंडू माणसांकडं निघाला तर "फोर!" म्हणून बेंबीच्या देठापासून ओरडायचं. ऐकणाऱ्यानं वर बघायचं नाही, डोकं झाकून खाली बसायचं.

एवढं सगळं कोण बघतं? बहुतेक वेळा कुणीच नाही. पंच प्रत्येकाच्या मागं फिरत नाही, चुकीचा दंड ज्याचा त्यानंच सांगायचा. बॉबी जोन्स नावाचा अमेरिकन खेळाडू होता. 1925 च्या यूएस ओपन गोल्फ स्पर्धेत उंच गवतात मारण्याआधी त्याचा चेंडू किंचित हलला. दुसऱ्या कुणाच्या ध्यानात आलं नाही. त्यानं स्वतःहून दंड म्हणून आपल्या नावावर एक फटका वाढवून घेतला. शेवटी बरोबरी झाली, फेरलढत झाली आणि तो हरला. तो एक फटका नसता तर बरोबरीची वेळच आली नसती.

परतल्यावर गावाकडं चक्कर मारली. धाकटा भाऊ बांधाला बसून कुदळीनं हरळी खणत होता. म्हणाला, "अण्णा, पुण्यात काय बघून आलात?"

म्हटलं, "हरळी."

त्यानं मुळासकट एक जुडगा माझ्यापुढं टाकला. "मग एवढ्यासाठी तिकीट कशाला काढलंत?"

नमस्कार.