पहाटे जागी होणारी कंबर

श्रोतेहो, नमस्कार. पंचविशीतला मुलगा. पहाटे कंबरदुखीनं जागा होतो, घरात येरझाऱ्या घालतो, मग बरं वाटतं. सकाळी मोजे चढवायला वाकता येत नाही आणि दुपारी हाच जिने भराभर चढतो. घरचे म्हणतात, "मोबाइल घेऊन लोळतोस, म्हणून पाठ धरते." मी संधिवाताची डॉक्टर. हे वाक्य ऐकलं की दर वेळी जीव तुटतो. विश्रांतीनं वाढणारी आणि हालचालीनं उतरणारी कंबरदुखी तीन महिने टिकली, तर ती अंगावर काढायची नसते.

अशा मुलांच्या रक्तात पुष्कळदा 'एचएलए-बी २७' सापडतं. हा एचएलए नावाच्या जनुकांमधला एक प्रकार. ही जनुकं असतात सहाव्या गुणसूत्रावर. पेशीच्या आतल्या प्रथिनांचे बारीक तुकडे त्यांच्यापासून बनलेले रेणू बाहेर, पेशीच्या दारात आणून धरतात. गस्तीवरच्या टी पेशी, म्हणजे शरीराच्या संरक्षक पेशी, ते तपासतात; विषाणूचा तुकडा दिसला, की ती पेशीच मारून टाकतात. तुकडा धरणारी खाच मात्र माणसागणिक वेगळी. म्हणून एकाच जंतूशी दोघांची झुंज सारखी होत नाही.

बी २७ची खाच एचआयव्हीचा नेमका असा तुकडा पकडते, की तो बदलून निसटायला गेलेला विषाणू स्वतःच दुबळा होतो. त्यामुळे लागण झालेल्या अशा अनेकांमध्ये आजार सावकाश वाढतो. केवढी मोठी देणगी! आणि हीच बी २७ मणक्यांना नडते. १९७३ साली लंडन आणि लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी स्वतंत्रपणे दाखवलं, की अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसच्या बहुतेक रुग्णांत ती असते. या आजारात मणके हळूहळू एकमेकांना सांधले जातात, पाठ काठीसारखी ताठ होते.

पण उलटं गणित तसं नाही, आणि घरोघरी घोटाळा होतो तो इथंच. बी २७ असलेल्या शंभरांतल्या जेमतेम पाचेक जणांना हा आजार होतो. बाकीचे आयुष्यभर धडधाकट.

मध्यंतरी एक आई धाकट्याचा रिपोर्ट घेऊन आली. थोरल्याला आजार, म्हणून याचीही तपासणी करून घेतलेली. 'पॉझिटिव्ह' या शब्दाखाली पेनानं दोन रेघा मारल्या होत्या. मुलाला काहीच होत नव्हतं. मी औषध लिहिलं नाही. म्हटलं, "ताई, याला खेळू द्या, पोहू द्या. कंबरेनं पहाटे जाग आणायला लागली तर घेऊन या. आणि डोळा लाल होऊन दुखला, उजेड सोसेना, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा."