वाद घाला, पण कागदावर

श्रोतेहो, नमस्कार.

हर्णै, मिरकरवाडा, मालवण, कुठल्याही बंदरावर लिलावाच्या वेळी पर्ससीनचा, म्हणजे माशांचा अख्खा थवा घेरणाऱ्या मोठ्या जाळ्याचा, विषय काढून बघा. दहावी-बारावीची पोरंसुद्धा अशी बिनतोड बोलतात की ऐकत राहावं. तोच पोर निबंधाला बसला की लिहितो, 'आजच्या धकाधकीच्या युगात मासेमारीला अनन्यसाधारण महत्त्व आहे.' झालं! धक्क्यावरचा वाद गेला कुठे?

मत पटवून देणाऱ्या निबंधाचं मुख्य विधान असं हवं, की त्याला कुणीतरी 'नाही' म्हणेल. 'समुद्राचं रक्षण केलं पाहिजे', याला नाही कोण म्हणणार? 'पर्ससीन वाईट' हेही ढोबळच. त्यापेक्षा लिहा, 'पर्ससीनसाठी नवे नियम नकोत, आहेत तेच समुद्रात जाऊन राबवा.' आता संपूर्ण बंदी मागणारेही तुमच्यावर चिडतील आणि सवलत मागणारेही. उत्तम.

मग पुरावा. राज्याचा सागरी मासेमारी नियमनाचा कायदा 1981 चा. पर्ससीनवर निर्बंध आले 2016 साली, आणि 2021 मध्ये कायदा दुरुस्त करून दंड वाढवला. एवढं लिहून थांबलात तर ती नुसती माहिती झाली. 'म्हणजे नियमांचा तुटवडा नाही', हे पुढचं वाक्य लिहिलंत की तिचा मुद्दा होतो. मुलं नेमकं हेच वाक्य गाळतात.

विशेषणंही आवरा. पर्ससीनचं जाळं थव्याभोवती गोल सोडतात आणि खालच्या कड्यांतली दोरी ओढून बूड आवळतात, की थवा आत. रापण, म्हणजे पारंपरिक मच्छीमारांचं जाळं, ओढायची ती किनाऱ्यावरून, काठाला येईल तेवढ्याच मासळीची. हे असं समोर मांडलं, की 'घोर अन्याय' वगैरे शब्द खर्ची घालावे लागत नाहीत.

आता खरी कसोटी. पर्ससीनवाल्याची बाजू तुम्हीच लिहायची, आणि ती वाचून त्यानं 'बरोबर बोललास रे' म्हणायला हवं. 'ते लोभी आहेत' ही काही त्याची बाजू नव्हे. तो म्हणतो, मी कर्ज काढून नौका बांधली, माझ्या खलाशांची घरं तिच्यावर चालतात. आणि तारली, बांगडा म्हणजे फिरती मासळी. मी सोडली तर परराज्यातली नौका येऊन नेणार, मग मीच का थांबू?

हा शेवटचा मुद्दा जबरदस्त आहे. पुष्कळजण घाबरून तो लिहीतच नाहीत. पण नीट बघा, तो तुमच्याच विधानाच्या कामाचा आहे. आपल्या हद्दीत शिरलेली परराज्यातली नौका नव्या कागदी नियमानं थोडीच थांबणार? तिला गस्तच अडवणार. म्हणजे विरोधकाची तक्रार आणि तुमची मागणी एकच निघाली. कर्जाचा मुद्दा मात्र असा सुटत नाही. तिथे 'हे नुकसान होईल' असं सरळ कबूल करा, वाचणाऱ्याचा विश्वास बसतो.

शेवटाला 'प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात' हे वाक्य कृपा करून नको. एवढा वाद घातलात तो काय नाणं उडवायला? कुणी, काय, कधी करायचं तेवढं लिहा. उदाहरणार्थ, पावसाळी बंदी उठून पहिली नौका सुटण्याआधी मत्स्यव्यवसाय खात्यानं गस्तीनौका आणि माणसं सज्ज ठेवावीत. पुढे पूर्णविराम.

नमस्कार.