चार्लीच्या अल्बमवरची नऊ नावं

[काळा पडदा. फक्त ड्रमचा आवाज. मग चार ड्रमचा एक जुना संच हळूहळू उजळतो.]

आधी नुसतं ऐका. उजव्या हाताची काठी हाय-हॅटच्या झांजेवर चालली आहे. चार मात्रांत तिचे ८ ठोके पडायला हवेत. मोजून बघा, ६च पडतात. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला डावा हात स्नेअरवर, म्हणजे कडक आवाजाच्या छोट्या ड्रमवर, उतरतो आणि नेमका तेव्हाच उजवा हात हवेत वर जातो. स्नेअरचा ठोका एकटा, स्वच्छ ऐकू येतो.

बहुतेक ड्रमर तिथे दोन्ही हात एकदम मारतात. चार्ली वॉट्स नाही मारायचा. जानेवारी १९६३ मध्ये तो रोलिंग स्टोन्स या रॉक बँडमध्ये आला आणि २०२१ मध्ये वारला तेव्हाही त्याच बँडचा ड्रमर होता. स्टेडियमं वाढली, रोषणाई वाढली, याचे ड्रम मात्र चाराच्या आसपासच राहिले.

गंमत अशी, की हा माणूस मनाने कधी रॉकचा नव्हताच.

[एका लहान मुलाचे हात. समोर बँजो.]

लंडनच्या वेम्बली भागातलं घर. पोराच्या हाती बँजो आला, पण तारांवर बोटं काही बसेनात. त्याच सुमारास जॅझवाल्या जेरी मलिगनच्या रेकॉर्डवर ड्रमर चिको हॅमिल्टनचे ब्रश कानावर पडले, काठ्यांऐवजी ड्रमच्या कातड्यावर हळुवार फिरणारे. झालं. पोराने बँजोची मान काढून टाकली, उरलेला गोल भाग स्टँडवर चढवला आणि त्यावर ब्रश फिरवायला सुरुवात केली. शेजारच्या घरात राहायचा डेव्ह ग्रीन. दोघं मिळून जॅझच्या रेकॉर्ड ऐकायचे. डेव्ह पुढे बास वाजवू लागला.

स्टोन्समधून सवड मिळाली की चार्ली जॅझकडे वळायचा. १९८६ मध्ये तिसाहून जास्त वादकांच्या ऑर्केस्ट्राचा अल्बम आला. ड्रमरच तीन! (एवढा गोतावळा पोसायचा तर दुसरीकडे स्टेडियमं भरत असलेली बरी.) १९९१ मध्ये स्वतःसह पाच जणांचा बँड घेऊन जॅझ सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करला वाहिलेला अल्बम केला. त्यात बासवर कोण? डेव्ह ग्रीनच.

पण आज बोलायचंय ते २००० साली आलेल्या अल्बमबद्दल.

[लॉस एंजेलिस. स्टुडिओतला टेप फिरतो आहे.]

१९९७. स्टोन्स 'ब्रिजेस टू बॅबिलॉन' या अल्बमचं ध्वनिमुद्रण करत होते. तालवाद्यं वाजवायला जिम केल्टनर आला होता. जॉन लेनन, जॉर्ज हॅरिसन, बॉब डिलन अशा सगळ्यांच्या अल्बमांवर वाजवलेला हा माणूस. आता दोन ड्रमर एका स्टुडिओत, हाताशी मोकळा वेळ. आपली अपेक्षा काय? जुगलबंदी. तू एक तुकडा टाक, मी त्याहून अवघड टाकतो.

तसं काहीच घडलं नाही. केल्टनरने इलेक्ट्रॉनिक आवाजांचे आणि तालवाद्यांचे थर रचले, चार्लीने त्यावर ड्रम वाजवले. या मुद्रणाचं पुढचं काम पॅरिसमध्ये झालं. नऊ रचना तयार झाल्या आणि त्यांना नावं दिली ती ड्रमरांची: शेली मॅन. आर्ट ब्लेकी. केनी क्लार्क. टोनी विल्यम्स. रॉय हेन्स. मॅक्स रोच. एअर्टो. बिली हिगिन्स. शेवटी एल्विन जोन्ससाठी 'एल्विन स्वीट'.

खरं सांगायचं तर पहिल्यांदा ऐकताना हिरमोड होतो. 'आर्ट ब्लेकी' लावलं की ब्लेकीचा गडगडाट येईल म्हणून कान टवकारावेत, तर तो येतच नाही. कुणाची नक्कल करायचीच नव्हती. काही इलेक्ट्रॉनिक आवाज तर आज चक्क जुनाट वाटतात. दुसऱ्या खेपेला हेडफोन लावून फक्त ड्रमच्या मागे जा. मग कळतं, हा वाजवणाऱ्याचा कमी आणि ऐकणाऱ्याचा अल्बम जास्त आहे. गुरूचं नाव घेताना कानाची पाळी धरावी, तसं ते नाव वर लिहिलंय. खाली जे वाजतं ते चार्लीचं स्वतःचं.

त्या नावांकडे जरा बघा. केनी क्लार्कने लय सांभाळायचं काम पायाखालच्या मोठ्या ड्रमवरून उचलून वरच्या झांजेवर नेलं आणि बीबॉप या वेगवान जॅझ शैलीला पळायला जागा करून दिली. टोनी विल्यम्स १९६३ मध्ये, अवघ्या १७व्या वर्षी, जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या बँडमध्ये गेला. त्याच वर्षी २१ वर्षांचा चार्ली स्टोन्सबरोबर लंडनच्या क्लबांत वाजवू लागला होता. फेब्रुवारी १९९७ मध्ये टोनी गेला, ५१ वर्षांचा. आणि त्याच वर्षी हे काम सुरू झालं.

[छोटा क्लब. पियानोचा आवाज. कॅमेरा हळूहळू मागे सरकतो.]

अल्बमनंतर पुन्हा दौरे, पुन्हा स्टेडियमं. सत्तरीकडे झुकताना चार्लीने आणखी एक बँड धरला. दोन पियानो, एक बास आणि हा. छोट्या जागा, पियानोवरचं ठेकेबाज बूगी-वूगी, समोर हाताच्या अंतरावर बसलेले श्रोते.

बासवर डेव्ह ग्रीन. शेजारच्या घरातला.