यातला बघतो कुठला डोळा?

(दृश्य : विठ्ठलापूर, साखळी. त्रिपुरारी पौर्णिमेची रात्र. वाळवंटी नदीत दिव्यांनी सजलेल्या होड्या, काठावर दाटीवाटीने उभी माणसं.)

मी आज होड्यांकडे पाठ करून उभी आहे. मला बघायची आहे ती समोरची गर्दी.

शेकडो हात वर आहेत आणि जवळजवळ प्रत्येक हातात फोन आहे. फोटो काढणाऱ्याला पडदा दिसतो. ज्याचा फोटो निघतो, त्याला दिसते फोनची पाठ. कुठे चौकोनात तीन काचा, कुठे मोठ्या गोल चकतीत चार, कुठे एकाखाली एक दोन. नदीतल्या दिव्यांचा उजेड त्या काचांवर पडतो आणि समोरच्या काळोखाला डोळे फुटल्यासारखे वाटतात.

माझी मावशी साखळीचीच. मागच्या वर्षी याच पायऱ्यांवर तिनं माझ्या हातातला फोन उलटा केला, त्या काचांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "इतले दोळे कित्याक गो? हांतलो खंयचो दोळो पळयता?"

एवढे डोळे कशाला, आणि यातला बघतो कुठला? मला तिथल्या तिथे धड उत्तर देता आलं नाही. ते शोधायला मी गेलं वर्षभर फोनच्या पाठी बघत गोवा फिरले.

(दृश्य : जुने फोन एकेक करून टेबलावर ठेवले जातात. एक डोळा, दोन डोळे, तीन.)

२००० साली जपानमध्ये शार्पचा जे-एसएच०४ आला, तेव्हा त्याच्या पाठीवर एक बारीकशी काच होती आणि तिच्यातून उतरायचं ते चित्र ०.११ मेगापिक्सेलचं. पुढची बरीच वर्षं फोनला पाठीमागे एकच डोळा होता. २०११ मध्ये त्रिमितीय चित्रांसाठी एचटीसी आणि एलजीनं दोन डोळे बसवून पाहिले, पण लोकांनी ते फारसे उचलले नाहीत. खरा बदल २०१६ चा. त्या वर्षी आयफोन ७ प्लसला दूरचं बघणारी दुसरी लेन्स मिळाली, एलजी जी५ ला रुंद बघणारी आणि वावेच्या (Huawei) पी९ ला कृष्णधवल बघणारी. तीन कंपन्या आणि दुसऱ्या डोळ्याबद्दल तीन वेगळ्या कल्पना. तो काळ मला फार आवडतो, कारण तेव्हा प्रत्येक जण काहीतरी खरोखर शोधत होता.

मग संख्या वाढत गेली. २०१८ मध्ये वावे पी२० प्रोवर तीन आणि त्याच वर्षी सॅमसंग गॅलक्सी ए९ वर चार. २०१९ मध्ये नोकिया ९ प्युअरव्ह्यूवर पाच, तेही फुलाच्या पाकळ्यांसारखे मांडलेले.

आणि १० सप्टेंबर २०१९. आयफोन ११ प्रो जगापुढे आला तो चौकोनी उंचवटा आणि त्यात तीन ठळक गोल घेऊन. जगभर लोक हसले. कुणाला ती गॅसची शेगडी वाटली, कुणाला नारळ.

नारळ! गोव्यात हे वाचताना मला हसू आलं नाही. आमच्याकडे नारळाचे तीन डोळे ही थट्टेची गोष्टच नाही. देवापुढे ठेवायच्या नारळाची शेंडी राखतात, त्याला त्र्यंबक मानतात. ज्या रूपाला जग कुरूप म्हणत होतं, ते आमच्या देवघरात रोज पूजलं जातं. तेव्हापासून मला वाटतं, की तीन गोल सुंदर की विद्रूप हे त्या गोलांत नसतं. आपण आधी काय बघत आलो, यावर ते ठरतं.

(दृश्य : माशेलजवळची बाग. सोललेला नारळ हातात फिरवून दाखवणारे एक वयस्क बागायतदार.)

या बागायतदारांनी मला आणखी एक गोष्ट शिकवली. नारळाला डोळे तीन, पण कोंब एकाच डोळ्यातून बाहेर येतो. तोच मऊ असतो, बाकीचे दोन कठीण. त्यांनी माझं बोट धरून तिन्ही डोळे दाबून दाखवले. नारळाच्या फुलात मुळात तीन कप्पे असतात आणि त्यातला एकच वाढून फळ धरतो. उरलेले दोन डोळे ही त्या फुलाची आठवण. ते कुणाला काही दाखवायला ठेवलेले नाहीत.

त्या बागेत उभी असताना मला माझा आधीचा फोन आठवला. टाळेबंदीच्या वर्षी मी तो पैसे साठवून घेतला होता. खोक्यावर मोठ्या अक्षरांत चार कॅमेरे. एक मुख्य, एक रुंद. उरलेले दोन २-२ मेगापिक्सेलचे, एक अगदी जवळचं टिपण्यासाठी आणि एक खोली, म्हणजे कोणती वस्तू किती दूर आहे ते, मोजण्यासाठी. जवळचं टिपणाऱ्यातून मी जास्वंदीचा फोटो काढला, तर पाकळी चिखलात भिजलेल्या कागदासारखी आली. खोली मोजणाऱ्यावर बोट ठेवलं आणि मावशीचा पोर्ट्रेट काढला. चित्र होतं तसंच आलं. मागचं धूसरही झालं. तो डोळा बंद असल्याचं फोनला कळलंसुद्धा नाही.

मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं आणि ते अजूनही गेलेलं नाही. खोली मोजायला वेगळी लेन्स लागतेच असं नाही. २०१७ मध्ये गूगलनं पिक्सेल २ च्या एकाच मागच्या कॅमेऱ्यातून ते करून दाखवलं होतं. उजेड टिपणाऱ्या सेन्सरवरच्या प्रत्येक बिंदूचे दोन भाग करायचे, डाव्या आणि उजव्या भागाला दिसणाऱ्या चित्रांतला बारीक फरक मोजायचा आणि उरलेलं काम गणिताकडे सोपवायचं. तरी पुढे वर्षानुवर्षं स्वस्त फोनांच्या पाठीवर हे आंधळे गोल बसत राहिले, कारण दुकानात माणूस गोल मोजतो. ज्याच्या खिशात पैसे कमी, त्याच्याच वाट्याला न बघणारे डोळे जास्त आले.

(दृश्य : म्हापसा बाजार, शुक्रवार. मिरच्यांच्या राशी. शेजारी मोबाईल कव्हरांचं लहानसं दुकान, भिंतभर लटकलेली कव्हरं.)

"बाय, नाव राहू दे, पाठ दाखव." या दुकानातला मुलगा गिऱ्हाईकाला मॉडेल विचारतच नाही. कॅमेऱ्याचं भोक बघतो आणि भिंतीवरून नेमकं कव्हर काढतो. आयफोन १२ च्या दोन लेन्स एकाखाली एक, १३ च्या तिरक्या, १६ च्या पुन्हा उभ्या, हे त्याला तोंडपाठ. कारणं मात्र त्यानं माझ्याकडून ऐकली आणि त्याचे डोळे चमकले. १६ मध्ये त्या उभ्या झाल्या, कारण फोन आडवा धरला की त्या आपल्या दोन डोळ्यांसारख्या शेजारी शेजारी येतात आणि खोलीचा भास देणारा व्हिडिओ घेता येतो. असं कारण कळलं की ती मांडणीच वेगळी दिसायला लागते. निदान मला तरी.

त्याचं स्वतःचं मत विचारलं, तर त्यानं एक फोन काउंटरवर उताणा ठेवला आणि कोपऱ्यावर टिचकी मारली. फोन डुगडुगला. "हे बघा. एका कोपऱ्यात उंचवटा, म्हणून हलतो. टेबलावर ठेवून मेसेज लिहायला गेलं की टकटक." मग त्यानं २०२१ चा पिक्सेल ६ ठेवला. त्याच्या कॅमेऱ्याची पट्टी पाठीवर या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवी. टिचकी मारली, फोन हलला नाही. हा मुलगा कुठल्या डिझाइनच्या शाळेत गेलेला नाही, पण वस्तू सपाट जागी स्वस्थ बसली पाहिजे, हे तो बरोबर बोलला.

लेन्सच्या कडेला चिकटवायच्या चमकीच्या रिंगा तो सर्वांत जास्त विकतो. सोनेरी, निळ्या, खड्यांच्या. चतुर्थीच्या आधी तर पुरत नाहीत म्हणतो. जे झाकायचं म्हणून लोक तक्रार करत होते, त्यालाच आता दागिना चढवतात.

पण याच दुकानात मला एक मुलगी भेटली, कॉलेजला जाणारी, जी मागच्या लेन्स झाकल्या जातील असं सरकत्या झाकणाचं कव्हर मागत होती. एकत्र जमलेले गोल बघितले की तिच्या अंगावर काटा येतो. बोलताना तिनं मान वळवली होती. तिला मैत्रिणी हसतात. हसू नये. जवळजवळ असलेली भोकं बघून शिसारी येणं याला ट्रायपोफोबिया म्हणतात. २०१३ मध्ये एसेक्स विद्यापीठातल्या जेफ कोल आणि आर्नोल्ड विल्किन्स यांनी त्यावर शोधनिबंध लिहिला. अशा चित्रांतल्या उजेड-काळोखाच्या रचनेचं काही विषारी प्राण्यांच्या अंगावरच्या नक्षीशी साम्य आहे, असं त्यांनी मांडलं. आयफोन ११ प्रो आल्यावर हा शब्द बातम्यांत आला आणि गेला. या मुलीचा काटा मात्र रोजचा आहे.

(दृश्य : एका लेन्सचा आडवा छेद, साध्या रेषांच्या चित्रात. प्रकाशकिरण काचांतून सेन्सरवर उतरतात.)

हा उंचवटा मुळात येतो कुठून? उजेडाला चालायला जागा लागते. लेन्स आणि सेन्सर यांच्यात अंतर हवं, आणि सेन्सर जितका मोठा तितकं ते अंतर जास्त. फोन आठेक मिलिमीटर जाडीचा. मग कॅमेरा पाठीतून वर डोकावणारच. २०२२ च्या शाओमी १२एस अल्ट्रामध्ये ज्याला एक इंची म्हणतात तो मोठा सेन्सर बसवला, तर त्याच्या पाठीवर केवढी थाळी आली. तो आकार मला आवडतो. तो लपत नाही.

एकच काच पुढेमागे सरकवून झूम करता आलं असतं, पण त्यालाही लांबी हवी. म्हणून एका डोळ्याची तीन कामं तीन डोळ्यांत वाटली. आयफोन ११ प्रोमध्ये एक रुंद बघतो, सुमारे १२० अंश. दुसरा नेहमीचा, तिसरा त्याच्या दुप्पट जवळ आणतो. अजून लांबचं हवं, तर २०१९ च्या वावे पी३० प्रोसारखा लोलक लावून उजेड काटकोनात वळवायचा आणि लेन्सची रांग फोनच्या आत आडवी झोपवायची. बाहेरून दिसते ती फक्त एक चौकोनी खिडकी.

(दृश्य : डिचोलीतलं एक जुनं घर. चवथीची माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली फळापानांची चौकट. नारळाची पेंड, सुपारीचे घड, तोरिंगं, रानातली फळं, आंब्याचे टाळे.)

रुंद बघणाऱ्या लेन्सची किंमत मला या खोलीत कळली. देवाची खोली लहान, मागे सरकायला भिंत. नेहमीच्या लेन्समधून एकतर गणपती येतो, नाहीतर माटोळी. रुंद लेन्समध्ये वरची अख्खी चौकट, मूर्ती आणि पाटावर बसलेले आजोबा एकत्र आले. हो, कडेचे नारळ ओढल्यासारखे लांबट झाले. पण घरातली सर्व माणसं पहिल्यांदाच माटोळीखाली एका चित्रात बसली.

चोडणच्या खारफुटीत मी उलटं बघितलं. होडीतून दिसणारा खंड्या नुसत्या डोळ्यांना निळा ठिपका होता. दूरच्या लेन्सनं त्याच्या चोचीतला मासा दाखवला.

म्हणून मला डोळ्यांची संख्या खटकत नाही, उंचवटाही खटकत नाही. जो गोल काही बघतो, त्यानं पाठीवर दिमाखात बसावं. २०२५ च्या आयफोन एअरला मागे एकच कॅमेरा, तरी वरचा सगळा भाग उंच, कारण तिथे आत यंत्रणा भरली आहे. कुणाला तो आवडो, न आवडो, त्या उंचवट्याला कारण आहे. बिनकामाचा गोल मात्र कितीही रेखीव असला, तरी मला बघवत नाही.

(दृश्य : पुन्हा विठ्ठलापूर. आजची रात्र. मावशी आणि मी पायरीवर.)

मावशीला उत्तर द्यायला मी फोन पुढे केला. "एकेका डोळ्यावर बोट ठेव आणि पडद्यावर बघ."

तिनं वरच्यावर ठेवलं. रुंद चित्र काळं झालं. खालच्यावर ठेवलं, नेहमीचं काळं झालं. मग मी तीनपट जवळ गेले, होडीतल्या श्रीकृष्णावर, आणि तिनं तिसऱ्या डोळ्यावर बोट ठेवलं. चित्र तसंच राहिलं.

ती माझ्याकडे बघू लागली. मी सांगितलं, काळोख आहे ना, दूरच्या डोळ्याला आता नीट दिसत नाही. म्हणून फोननं मोठ्या डोळ्याचंच चित्र घेतलं आणि कापून जवळ आणलं. उद्या उन्हात तिसराच बघेल.

"म्हणजे रातचो एकूच पळयता," मावशी म्हणाली. तिनं पदराच्या टोकानं तो मोठा डोळा पुसला. तेलाचा हात लागला होता, त्यामुळे दिव्यांभोवती केव्हाची पिवळी धूळ दिसत होती. ती गेली. होडी वळली, तिच्या शिडावरच्या पणत्या एकेक सुट्या दिसू लागल्या, आणि मावशीनं फोन माझ्या हातातून घेऊन स्वतःच उंच धरला.