कूलर, एसी आणि आपला तापलेला स्लॅब

(सोलापुरातील गृहनिर्माण संस्थांच्या पदाधिकाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

नमस्कार मंडळी. गड्ड्याची जत्रा उरकली, थंडी ओसरली, की आपल्याकडे चौकशी सुरू होते, "किती टनाचा एसी घेऊ?" मी उलट विचारतो, तुम्ही राहता कितव्या मजल्यावर? हीटरचा विषय सोलापुरात काढायलाच नको, आपली सगळी झटापट उन्हाशी आहे. आणि ऊन घरात येतं ते वरून आणि पश्चिमेकडून.

एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू, साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढायची ताकद. मधल्या मजल्यावर १२० चौरस फुटांच्या खोलीला एक टन पुरतो. तीच खोली गच्चीखाली असली की मे महिन्यात रडायला लागते. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत खाली उष्णता सोडत राहतो, म्हणजे तुमचा एसी आधी स्लॅबशी झुंजतो, मग तुमच्याकडे वळतो. म्हणून टन वाढवण्याआधी गच्चीचा खर्च करा. चायना मोझॅक, म्हणजे पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांची फरशी करा, पांढरा उष्णतारोधक रंग द्या, काही नाही तर चुना मारा. चुना पावसात जातो, दरवर्षी मारावा लागतो एवढंच. पश्चिमेच्या खिडकीला सावली बाहेरून हवी. आतल्या पडद्यावर पडलेलं ऊन घरात आलेलंच असतं. आपल्या जिल्ह्यातल्या माळवदाच्या घरांत जाड भिंती आणि वर मातीचा थर असायचा, दुपारचं ऊन आत पोहोचायलाच संध्याकाळ व्हायची.

आता कूलर. एसी परवडत नाही म्हणून कूलर, असं लोक मानतात. मला ते पटत नाही. एप्रिलमध्ये बाहेर ४२ अंश असतात आणि हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास असते, तेव्हा चांगला कूलर २७-२८ अंशांची हवा देतो. पाणी हवेत उडून जाताना हवेतलीच उष्णता घेतं, त्याला कॉम्प्रेसर लागत नाही. अट एकच, समोरची खिडकी उघडी हवी. आत आलेली ओली हवा बाहेर गेली नाही, तर तासाभरात अंग चिकट होतं आणि माणूस कूलरला शिव्या घालतो. जूनमध्ये पाऊस लागला की मात्र त्याचा खेळ संपला. हवा आधीच दमट, पाणी उडणार कुठे? तिथून पुढे पंखा किंवा एसी.

कूलरची खरी दुखणी पाण्याची. मोठा डेझर्ट कूलर कडक उन्हात तासाला दहा-पंधरा लिटर पाणी सहज पितो, आणि नळ दिवसांआड येणाऱ्या गावात हा हिशेब आधी करावा लागतो. मग बोअरचं पाणी भरलं जातं. पाणी उडतं, क्षार मागे राहतात. टाकीतलं पाणी दिवसागणिक जड होत जातं आणि आठ-पंधरा दिवसांत जाळीवर पांढरा थर धरतो. हनीकोंब पॅडचा, म्हणजे पाणी झिरपणाऱ्या त्या कागदी जाळीचा तुकडा बोटांत धरून चुरडून बघा. कागद मऊ लागायला हवा, तो खडूसारखा तुटतो. भोकं बुजली की हवा कमी आणि गारवाही कमी, मग म्हणायचं मोटार गेली. उपाय साधा आहे. वर पाणी ओतत राहू नका, टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करा, घासा, कोरडी होऊ द्या. डेंग्यूच्या डासाची अंडी ते डास ही वाटचाल आठ-दहा दिवसांत होते, म्हणून आठवड्याची मर्यादा पाळायचीच.

एसीचं दुखणं धुळीचं. फिल्टर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवायला मेकॅनिक लागत नाही. बाहेरच्या युनिटची कॉइल उन्हाळ्याआधी एकदा धुऊन घ्या, पाण्याचा मारा बेताचा ठेवा, नाहीतर पत्र्याचे पातळ पंख वाकतात. सोसायट्यांत मी एक प्रकार हमखास बघतो. बाहेरची सगळी युनिट इमारतीच्या भिंतींमधल्या अरुंद डक्टमध्ये एकावर एक टांगलेली. खालच्याची गरम हवा वरचा ओढतो, त्याची त्याच्या वरचा. चौथ्या मजल्यावरचे काका म्हणतात, कंपनीच बेकार. जागा बदलून बघा, कंपनी सुधारेल.

आणि तो गॅस! "साहेब, गॅस संपलाय, भरावा लागेल." गॅस हे पेट्रोल नाही, बंद नळ्यांतून तोच तो फिरत असतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. पातळ नळीवर बर्फ धरलाय का बघा, नटाजवळ तेलकट डाग आहे का बघा. मेकॅनिकला म्हणा, नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या फेसानं गळती दाखव, ती बंद कर, पंपानं नळ्यांतली हवा काढून व्हॅक्यूम कर, आणि मग वजन करून भर. किती ग्रॅम भरायचा ते युनिटच्या पाटीवर लिहिलेलं असतं. नव्या एसींत येणारा आर-३२ हा गॅस थोडा ज्वालाग्राही आहे, तिथे अंदाजपंचे काम नको. वार्षिक करार करताना ही सगळी कामं कागदावर लिहून घ्या. नुसतं "सर्व्हिसिंग" लिहिलं की ब्रश मारून माणूस निघून जातो.

ज्यांनी सोसायटीचा हॉल अभ्यासिकेला दिलाय त्यांनी ऐका. स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो, बाहेरची आणत नाही. तीस मुलं बंद दारं-खिडक्यांत बसली की दोन तासांत जांभया सुरू होतात. एका बाजूला एक्झॉस्ट लावा, समोरच्या बाजूला हवा आत यायला जागा ठेवा. वीज थोडी जास्त जाईल, जाऊ दे.

मागून कुणीतरी विचारतंय, १८ वर ठेवला तर लवकर गार होतं का? नाही. यंत्र तेवढ्याच जोरानं चालतं, फक्त थांबत नाही. २०२० पासून नवे एसी २४ अंशांवर सुरू होतात, ते उगाच नाही. एक अंश वर ठेवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते. तुम्ही २६ ठेवा आणि वरचा पंखा हळू चालू द्या. पुढचा प्रश्न?