खाडीचा चिखल (पर्यावरणशास्त्राची ओळख, भाग 1)

[होडीतून. ओहोटी. तिवरांची रांग, मागे ऐरोलीचा पूल.]

ठाणे खाडी. पाणी ओसरलं की हा काळा चिखल उघडा पडतो आणि आपण नाकाला रुमाल लावतो. सांडपाणी यात आहेच. पण कुजक्या अंड्यासारखा वास येतो तो चिखलाचा स्वतःचा. आत ऑक्सिजन जवळजवळ नाही, म्हणून इथले जिवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. पर्यावरणशास्त्राची सुरुवात इथूनच करू. रसायन, पाणी, जीव आणि माणूस, सगळे इथे एकाच चिखलात रुतलेत.

[मुळं, जवळून.]

वर आलेल्या या काड्या म्हणजे तिवराची मुळं. खाली हवा मिळत नाही, म्हणून ती उलटी वर वाढतात आणि बारीक छिद्रांतून हवा आत घेतात. पानावर चमकतंय ते मीठ. जादा झालेलं मीठ झाड असं बाहेर टाकतं.

पान गळतं. खेकडे कुरतडतात. उरलेलं बुरशी आणि जिवाणू कुजवतात, त्या चुऱ्यावर कोळंबीची पिल्लं वाढतात, त्यांच्यावर मासे.

[जाळं ओढताना.]

आणि ते या काकांच्या जाळ्यात. पुस्तकात अन्नसाखळीला बाण असतात, बाजारात तिचे वाटे लागतात.

[निवटी.]

हा निवटी. मासा असून चिखलावर चालतो! जरा जास्तच वेळ दाखवतोय, चालवून घ्या.

[फ्लेमिंगोंचा थवा.]

फ्लेमिंगो हिवाळ्यात येतात, पावसाच्या तोंडावर जातात. यातले 'छोटे फ्लेमिंगो' (पिल्लं नव्हेत, ही वेगळी जात) सूक्ष्म शेवाळ गाळून खातात, पिसांचा गुलाबी रंगही खाण्यातूनच येतो. हे शेवाळ माजतं सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर. म्हणजे ज्या घाणीने मासळी मरते, तिच्यावरच यांचा चारा पोसतो. इथे चांगलं-वाईट असे दोन रकाने पाडायला गेलं तर फसायला होतं. 2015 साली खाडीचा हा भाग अभयारण्य झाला, 2022 साली रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेला.

[ड्रोन. वांद्रे-कुर्ला संकुल, मिठी नदी.]

मिठीच्या काठीही अशीच दलदल होती, अशीच तिवरं होती. तिच्यावर भराव पडला आणि या काचेच्या इमारती आल्या. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, पाण्याला पसरायला जागा नव्हती. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवन, म्हणजे अशी तिवरांची जंगलं, तोडायला बंदी घातली.

[तिवरांच्या कडेला ओतलेला राडारोडा. निवेदन नाही, फक्त आवाज.]

पुढच्या भागात मिठीच्या काठाने उलटे वर जाऊ, पवई आणि विहार तलावांपर्यंत.